आपल्याच शब्दांत

मी हे चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगते. शांत झाल्यावर लिहावं म्हणून बरेच दिवस थांबले, पण शांत होण्याचं काही लक्षण दिसेना. शेवटी म्हटलं, राग आहे तोवर लिहून टाकावं.

माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. तिथे तिला सगळे 'इस्त्री' म्हणायचे. एक तर डोकं गरम, आणि दुसरं म्हणजे कुणी तिच्याशी वाकड्यात शिरलं की त्याला सरळ केल्याशिवाय ती सोडायची नाही. मुकादमसुद्धा तिच्याशी बोलताना जरा लांबच उभा राहायचा. धुलाईघर तळघरात होतं. वर पांढरे कोट, लिफ्ट, फुलदाण्या. खाली वाफ, साबणाचा उग्र वास आणि माणसाच्या शरीरातून जे जे म्हणून बाहेर पडतं त्याने माखलेल्या चादरी. मोठ्या मशीनमधून निघालेल्या ओल्या चादरींची गाठोडी ढकलगाडीत टाकायची, तिथून पिळायच्या मशीनमध्ये, तिथून गरम रोलरवर. ओली चादर काय वजनाची होते हे ज्याने ती कधी उचलली नाही त्याला सांगून कळत नाही. दिवसभर उभं राहायचं. बसायला एक स्टूल होतं, पण त्याच्यावर मुकादमाचा डबा बसलेला असायचा.

मावशीने आयुष्यात कधी कामात अंग चोरलं नाही, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. धाकटा झाला तेव्हा पुरती उठतेय न उठतेय तोच ती पुन्हा गाठोडी उचलायला हजर. दुखणीखुपणी सगळी अंगावर काढायची. पुढे काही वर्षांनी तिचं अंग बाहेर यायला लागलं.

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण माहीत नसण्यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे. बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी आतले आधार सैल पडतात, गर्भाशय जागा सोडून खाली उतरतं, कधी तर पार बाहेर डोकावतं. याला आपल्याकडच्या बायका 'अंग बाहेर येणं' म्हणतात. माझी आजी हेच म्हणायची, शेजारीण हेच म्हणते. एका बाईला दुसरीने याचा अर्थ कधी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. शिवाय पुरुषांसमोर बोललं तरी त्यांना पत्ता लागत नाही, अशी दुहेरी सोय.

मावशीचं सकाळी ठीक असायचं. दुपारपर्यंत खाली काहीतरी ओघळून आल्यासारखं व्हायचं. मग ती बाथरूममध्ये जाऊन ते हाताने आत सारायची, जुन्या टॉवेलची घडी खाली घट्ट आवळून बांधायची आणि पुन्हा रोलरपाशी उभी राहायची. काकांनी तिच्या पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा लावून दिल्या होत्या, झोपताना पाय उंच राहावेत म्हणून. काका दुखण्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, पण वीट हलली की न सांगता नीट बसवायचे. "वटवाघूळ झालेय मी," मावशी म्हणायची.

ज्या हॉस्पिटलच्या चादरी ती धुवायची तिथे तिला फुकट उपचार नव्हते, कारण ती ठेकेदाराची माणूस. म्हणून ती आमच्या गल्लीच्या टोकाच्या सरकारी दवाखान्यात जायची. तिथली सिस्टर तोंडाने फटकळ, पण खोटं बोलणारी नाही. तिने तपासून सांगितलं की यावर एक साधी रिंग असते, रबरासारखी मऊ. माप बघून आत बसवायची, की अंग वर राहतं. बायका ती स्वतः काढून, धुऊन, परत घालायलाही शिकतात. मावशीचा चेहरा उजळला. मग सिस्टर म्हणाली की ती इथे मिळत नाही. बाहेरून कुठून आणली तरी माप घेऊन बसवायचं तिला शिकवलेलं नाही. शिकवलं नाही कारण दवाखान्याच्या सामानाच्या यादीत ती नाही, आणि यादी वरून येते.

वरून म्हणजे कुठून, असं मावशीने विचारलं. सिस्टरने छताकडे बोट दाखवलं आणि उतरंड सांगितली: दवाखान्याची यादी मोठ्या कचेरीतून, मोठ्या कचेरीची राजधानीतून, आणि राजधानीवाले बघतात जगाच्या धोरणात काय लिहिलंय ते.

"वरून काही यायला तयार नाही," मावशी घरी येऊन म्हणाली, "आणि माझं खाली यायचं काही थांबत नाही."

दुसरा उपाय होता ऑपरेशनचा. गर्भाशय काढून टाकायचं आणि त्यानंतर काही महिने ओझं म्हणून उचलायचं नाही. ठेकेदाराकडे महिनोन् महिने कुणाची जागा राखून ठेवायची रीत नव्हती. एक बाई आली नाही तर तिच्या जागी दुसरी उभी. म्हणजे रिंग मिळाली तर मावशीची नोकरी टिकणार, नाही मिळाली तर आज ना उद्या ऑपरेशन आणि नोकरीवर पाणी. आमच्या घरापुरतं जगाचं धोरण म्हणजे एवढंच होतं.

आणि नेमका त्याच सुमाराला दवाखान्याच्या दारावर कागद लागला. जगभरातल्या स्त्री-आरोग्याचं नवं धोरण ठरतं आहे, प्रत्येकीचा सहभाग मोलाचा आहे, आपलं म्हणणं आपल्याच भाषेत, आपल्याच शब्दांत सांगा. 'आपल्याच शब्दांत' हे ठळक अक्षरांत होतं. धुलाईघरात यावर भरपूर हसून झालं. 'इस्त्री-आरोग्याचं धोरण आलंय, जा, बोलावलंय तुला,' म्हणून सगळ्या तिला चिडवायला लागल्या. मावशीने मात्र ते मनावर घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी मला बोलावलं.

मी वाहनांच्या विमा कंपनीत आहे. ज्यांचे दावे मंजूर होत नाहीत त्यांना तसं कळवायचं, हे माझं काम. गोड बोलून वाटेला कसं लावायचं, हे मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे घरात कुठलंही सरकारी लिखाण निघालं की माझी आठवण होते. मी फोनवर त्यांचा म्हणणं नोंदवायचा रकाना उघडला आणि म्हटलं, गर्भाशय असं लिहू या.

"नको," मावशी म्हणाली. "तो डॉक्टरांचा शब्द."

"मग पिशवी लिहू?"

"पिशवी म्हटलं की भाजी आणायला निघाल्यासारखं वाटतं. अंग लिही. माझ्यापाशी आहे ते अंग आहे."

"अगं, पण त्यांना कळायला हवं ना."

"आपल्याच शब्दांत सांगा, असं कोण म्हणालं? तेच ना? मग कळत असेल तेव्हाच म्हणाले असतील."

तिने सांगितलं तसं मी लिहिलं: 'मी धुलाई कामगार आहे. उभ्याने काम केलं, ओझं उचललं की माझं अंग बाहेर येतं. रिंग मिळाली तर मी काम करू शकेन. रिंग यादीत घाला आणि सिस्टरला बसवायला शिकवा.' मी शेवटी 'ही विनंती' असं जोडलं होतं, ते तिने काढायला लावलं. विचारलं म्हणून सांगतेय, म्हणाली, माझं काही अडलेलं नाही. अडलेलं तर सगळंच होतं.

उत्तर आलं, आणि तेही लवकर. आमचं म्हणणं आधी त्यांच्या भाषेत गेलं आणि तिथून सारांश होऊन परत आपल्या भाषेत आलं होतं. मी ते मावशीला वाचून दाखवलं. 'आपला सहभाग मोलाचा आहे. आपल्या म्हणण्याचा सारांश: मी धुलाईचे काम करते. उभी राहून काम केल्यावर माझे शरीर बाहेर येते. अंगठी मिळाल्यास मी काम करू शकेन. अंगठी यादीत घाला आणि बहिणीला बसायला शिकवा. विषय: स्त्रियांचे घराबाहेर पडणे. बहिणीच्या शिक्षणाचा मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवला आहे. अंगठीचा मुद्दा आमच्या कक्षेत येत नाही.'

मावशी हसून हसून पलंगावर बसली. "माझी बहीण म्हणजे तुझी आई," म्हणाली, "तिला काय बसायला शिकवायचं? ती उठायचं नाव घेत नाही." मीही हसले. काका दारात उभे होते, त्यांना काय झालं ते कळेना, तरी तेही हसले. मग मावशीने डोळे पुसले आणि विचारलं, "मग रिंगचं काय म्हणतायत?"

तिथून माझं टाळकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. मी दुरुस्ती करायला गेले तर रकाना उघडेचना; या व्यक्तीचं म्हणणं नोंदवून झालं आहे, असं तो सांगायचा. एका व्यक्तीला एकच तोंड. मग मी स्वतःच्या नावाने लिहिलं, गर्भाशय, आधाराची रिंग, प्रशिक्षण, सगळं शुद्ध आणि सभ्य. त्यावर प्रश्न आला: आपल्याला स्वतःला हा त्रास आहे का? मी नाही म्हटलं. लगेच कळवण्यात आलं की या फेरीत फक्त प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्या स्त्रियांचंच ऐकायचं ठरलं आहे. म्हणजे जिला अनुभव तिची भाषा त्यांना कळत नव्हती, आणि जिची कळली असती तिला अनुभव नव्हता. मदतीसाठी दिलेल्या पत्त्यावर मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा 'योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे' असं उत्तर आलं. हे वाक्य मी रोज लोकांना पाठवते. असा कुठलाही विभाग नसतो.

तरी एक आशा उरली. धोरणाच्या लोकांची एक सभा आमच्याच शहरात भरणार होती, आणि मावशीला तिचं बोलावणं आलं. घराबाहेर पडलेल्या स्त्रियांच्या गटात का होईना, नाव तिचं होतं. मी म्हटलं, चल, समोरासमोर सांगू. माणसं आहेत, मशीन नाही. मुकादमाच्या नाकदुऱ्या काढून तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळवली आणि ठेवणीतले कपडे घातले.

सभागृह थंडगार होतं. पायाखाली जाड गालिचा, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, कानाला लावायची यंत्रं. मागे काचेच्या खोलीत दुभाषी मुलगी बसलेली. समोर अध्यक्षबाई, चेहरा प्रेमळ, ऐकताना मान हलवणाऱ्या. खोटं कशाला बोलू, त्या मन लावून ऐकत होत्या. मावशीचा नंबर आला तेव्हा ती माइकपाशी गेली आणि जे लिहिलं होतं तेच बोलली, जरासुद्धा न अडखळता. ओल्या चादरींचं वजन सांगितलं, विटांचं सांगितलं, आणि म्हणाली, "दिवसभर उभं राहिलं की अंग बाहेर येतं हो. कामच तसं आहे."

अध्यक्षबाईंनी छातीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि दुभाषी मुलीचा आवाज माझ्या कानात आला: "तुम्ही बाहेर आलात, हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तुमचं काम तुम्हाला बाहेर घेऊन आलं." सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

मावशी परत येऊन माझ्या शेजारी बसली. "यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे?" तिने मला विचारलं.

मी उठून उभी राहिले. माझं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं, त्यामुळे माझ्यासमोर माइक नव्हता. मी तशीच ओरडून म्हणाले की तुम्ही चुकीचं ऐकलंत, हे गर्भाशयाबद्दल आहे. कार्यक्रम सांभाळणारा एक सद्गृहस्थ हसतमुखाने माझ्याकडे आला, प्रश्नोत्तरांची वेळ शेवटी आहे म्हणाला, आणि शेवट येण्याआधी अध्यक्षबाईंच्या विमानाची वेळ झाली. जाताना त्या मावशीचा हात हातात घेऊन गेल्या. खरंच प्रेमाने घेतला होता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. कुणी दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं.

दुभाषी मुलगी मात्र मागून धावत आली. माझं ओरडणं तिने ऐकलं होतं. ती रडकुंडीला आली होती. "आमच्या घरी हा शब्द कधी कुणी बोललंच नाही हो," ती म्हणाली. "मी दुरुस्ती पाठवते, नक्की पाठवते." तिने पाठवलीही. काही दिवसांनी तिने मला कळवलं की दुरुस्तीची नोंद घेतली आहे, पण मसुदा छपाईला गेला आहे. पुढची फेरी काही वर्षांनी निघेल, तेव्हा बघू म्हणाले.

मावशीकडे काही वर्षं नव्हती. गाठोड्यांना धोरणाचं काही देणंघेणं नसतं. घासून घासून अंगाला जखमा झाल्या, आणि एके दिवशी तिची लघवीच अडली. रोलरपाशी ती खाली बसली, ती मुकादमाने स्वतःचा डबा उचलून स्टूल मोकळं केलं तरी उठली नाही. ज्या हॉस्पिटलच्या तळघरात तिने इतकी वर्षं काढली तिथेच वरच्या मजल्यावर, पैसे भरून, तिचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा अंगाखालची चादर चाचपून पाहिली आणि रोलर नीट तापवलेला नाही म्हणाली. घरी आल्यावर काकांनी पलंगाखालच्या विटा काढल्या आणि कुठे ठेवाव्या हे न सुचून तशाच हातात धरून उभे राहिले. त्याच आठवड्यात मुकादमाने तिचं ओळखपत्र परत मागवलं. तिच्या जागी नवीन बाई आली होती, तिशीच्या आतली, एक तान्हं मूल घरी ठेवून आलेली.

टाके दाखवायला मी मावशीला गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा ते आम्ही पाहिलं. धोरण मंजूर झालं होतं आणि त्याचं मोठं चकचकीत पोस्टर वरून आलं होतं. दारातून पाऊल बाहेर टाकणारी एक बाई, खांद्याला पर्स, तोंडावर ऊन. खाली मोठ्या अक्षरांत: 'काम करू लागले आणि मी बाहेर आले.' त्याच्या खाली बारीक अक्षरांत: एक धुलाई कामगार.

मावशीने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. "हे माझंच ना?"

"हो."

"उलटं छापलंय. काम गेलं आणि मी बाहेर आले."

मला तिथल्या तिथे ते पोस्टर टराटरा फाडायचं होतं. मी खुर्चीवरून उठलेही. पण मावशीने माझा दंड धरून मला खाली बसवलं, कारण सिस्टर आली होती. मावशीने तिला विचारलं, रिंग आली का. सिस्टर म्हणाली, नवी यादी आली, पोस्टर आलं, रिंग नाही. तुला आता कशाला हवी, असंही ती म्हणाली.

आमच्या शेजारच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती, एका मांडीवर भार टाकून, अवघडून. तसं कोण बसतं हे मावशीला लांबूनही कळतं. सिस्टर आत गेल्यावर ती बाई मावशीकडे सरकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "रिंग मिळते का हो? माझंही अंग..."

पुढचं बोललीच नाही, कारण समोरच्या रांगेत पुरुष बसले होते. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या त्या बाईकडे पाहिलं.

"कधी कुठे लिहून द्यायची वेळ आली," मावशी म्हणाली, "तर अंग म्हणू नकोस. गर्भाशय म्हण."

हा शब्द मी तिच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"का?" त्या बाईने विचारलं.

"आपला शब्द त्यांना कळत नाही. म्हण बघू."

"इथे?" बाईने समोरच्या रांगेकडे पाहिलं.

"इथेच."

बाईने खाली मान घालून तो शब्द पुटपुटला.

"मोठ्याने," मावशी म्हणाली. "माझं अंग गेलं ते गेलं. तुझं अजून आहे."